मिरचीच्या पथारीशेजारी विमान

प्रशिक्षक सरांचा फोन आला तेव्हा मी शेजारच्या जिल्ह्यात, आमच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थेच्या हँगरमध्ये एका विमानाखाली आडवी झाले होते. सरांचा आवाज नेहमीसारखाच शांत होता.

"डाव्या पंखातून पेट्रोल गळतंय. काटा भराभर खाली यायला लागला, म्हणून उतरवलं. मी आणि विद्यार्थी दोघंही ठीक आहोत. नंदुरबारच्या बाहेर, धानोऱ्याच्या बाजूला एक नवा रस्ता झालाय, अजून वाहतुकीला उघडलेला नाही. त्याच्यावर आहोत." मग जरा थांबून म्हणाले, "इथे सगळे शिंकतायत. मीही."

शिंका कशाच्या ते मला लगेच कळलं. मी त्याच जिल्ह्यातली. आमचं गाव तापीच्या अंगाला, घरी पपई आणि कापूस. थंडीत नंदुरबारच्या आसपास मिरच्यांच्या पथाऱ्या लागतात, म्हणजे मोकळी, चोपून सपाट केलेली जमीन आणि तिच्यावर नजर पोचेल तिथपर्यंत वाळत घातलेली लाल मिरची. व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या असतात आणि डोंगरातून उतरून आलेल्या बायका तिथे मिरची उलथायला, निवडायला, देठ खुडायला असतात. त्या रस्त्याने जाताना एसटीतल्या लोकांच्याही नाकाला पदर आणि रुमाल लागतात. सर नेमके अशाच एका पथारीला लागून उतरले होते.

मी विमानांच्या देखभालीची इंजिनिअर आहे. विमान उडवत नाही. ते उडण्याजोगं आहे असं लिहून त्याखाली सही करते. अशा छोट्या विमानात पेट्रोलची वेगळी टाकी नसते, पंखाचा आतला भाग हीच टाकी. पत्र्याला पत्रा रिव्हेटांनी जोडलेला असतो आणि आतून प्रत्येक सांध्यावर रबरासारखा घट्ट होणारा लेप भरलेला असतो. या लेपाला सीलंट म्हणतात. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तो कुठेतरी सुटला की पेट्रोल वाट काढतं. या पेट्रोलला निळसर रंग दिलेला असतो, त्यामुळे ते वाळलं की पंखाखाली निळा डाग राहतो.

पंख उतरवून ट्रकवर घालून आणायचे का, यावर आमच्याकडे बराच खल झाला. उघड्यावर पंख उतरवणं आणि परत बसवणं हे गळती बुजवण्यापेक्षा कितीतरी मोठं काम. परवानग्या आल्या, पाहणी झाली, आणि ठरलं की दुरुस्ती तिथेच करायची. मी आणि आमचे तंत्रज्ञ दादा व्हॅन घेऊन निघालो. दादा वऱ्हाडातले, हवाई दलातून निवृत्त झालेले. त्यांचे हात एवढे मोठे की टाकीच्या झाकणातून मनगटाच्या पुढे जात नाहीत. माझा हात खांद्यापर्यंत जातो. आमच्या दोघांच्या कामाची वाटणी अशीच झालेली आहे.

आम्ही पोचलो तोवर विमान ट्रॅक्टरने ओढून पथारीच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं होतं. शेड पथारीच्या मालकांची, एरवी रिकामी पोती ठेवायची. मालक आमच्या स्वागताला कमरेवर हात ठेवून उभे होते. साठीचे, पांढरा शर्ट, तापीकाठच्या गुजर घरातले, पण व्यापाराची सगळी बोली अहिराणी.

"म्याडम, हाई इमान आठे काब्र आनं?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला.

विमान इथे मी आणलेलं नव्हतं, पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "काका, उन्हात आणि रस्त्यावर उघडता येत नाही ते. थोडे दिवस लागतील."

"मन्ही मिरचीले पेट्रोलना वास लागी गया ते कोन लेई?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. मिरची वास धरते. पण माझीही अडचण त्यांच्याइतकीच खरी होती, आणि ती मी त्यांना सांगितली. लेप लावताना पत्रा आरशासारखा स्वच्छ लागतो. बोटाचा घामसुद्धा चालत नाही. आणि इथे तर फावड्यागणिक मिरचीचा लाल धुरळा उडत होता. त्यांना माझं पेट्रोल नको होतं आणि मला त्यांची मिरची. काका हसले. पण हसून झाल्यावर म्हणाले, "तरी लवकर आटपा."

पहिला दिवस टाकी रिकामी करण्यात गेला. पेट्रोल बंद पिंपांत काढलं आणि पिंपं लगेच गाडीने परत पाठवली. राखणीला बसवलेल्या हवालदारांनी हे पेट्रोल मोटारसायकलला चालेल का, असं सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं. दादा म्हणाले, "चालेल, पण साहेब, द्यायची परवानगी नाही." त्यानंतर हवालदारांनी विषय काढला नाही, पण पिंपं नजरेआड होईपर्यंत बघत राहिले.

पंखावरची झाकणं उघडून, हवा खेळवून आतली वाफ पूर्ण घालवली. तोवर शेडच्या आसपास विडी नाही, फोन नाही. मग आम्ही शोध घेतला. पंखाच्या तोंडांना बुचं लावून आत अगदी हलकी हवा भरली आणि बाहेरून साबणाचं पाणी फिरवलं. मागच्या बाजूच्या रिव्हेटांच्या एका ओळीत बुडबुडे आले. निळा डागही तिथेच होता. दादांनी आणि मी एकमेकांकडे पाहून मान हलवली. जागा सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिडीवर चढून पंखावर पालथी पडले, गाल पत्र्याला टेकवला आणि उजवा हात झाकणातून खांद्यापर्यंत आत घातला. डाव्या हातात छोटा आरसा. प्लॅस्टिकच्या पातीने जुना लेप खरवडायचा, ओरखडा न उठवता. हे काम दिसत नाही, हाताला कळतं. ते करता करता मला शिंक आली. हात आत अडकलेला, नाक पुसायला हात नाही. एकामागून एक शिंका, आणि प्रत्येक शिंकेबरोबर डोकं पंखावर आपटून पत्रा घुमायचा. पथारीवरच्या बायका आधी गप्प झाल्या, मग हसायला लागल्या. त्या आपसात पावरीत, डोंगरातल्या त्यांच्या बोलीत, बोलत होत्या, मला त्यातलं थोडंच कळतं. पण शिंकणाऱ्या बाईवर हसतायत एवढं कळायला भाषा लागत नाही. त्यांच्या मुकादम बाई धडगावकडच्या, उंच आणि काटक. त्या शेडपाशी येऊन अहिराणीत म्हणाल्या, "नाक बांध ना बाई. आम्हनासारखं." आणि स्वतःच्या पिशवीतलं धुतलेलं सुती फडकं माझ्या तोंडाला मागून घट्ट बांधून दिलं. फरक पडला.

दुपारी अप्पा, माझे वडील, आले. मी गावाजवळ आले आहे म्हटल्यावर आईने डबा दिला होता, आणि अप्पा मोटारसायकलवर तो घेऊन आले. अप्पांनी मला कामावर याआधी कधी पाहिलं नव्हतं. हँगर लांब, आणि मी घरी जायचे ती दिवाळीला, चांगल्या कपड्यांत. गावात ते सांगायचे की मुलगी विमानतळावर साहेब आहे. माझी चुलतबहीण एकदा म्हणाली होती की ऑफिसात बसते असंही सांगतात. त्याचं मला फार वाईट वाटलं नव्हतं. पाना हातात घेऊन काम करणाऱ्या मुलीची स्थळं बघताना त्यांना काय काय ऐकावं लागलं, ते मला ठाऊक होतं.

ते शेडशी थबकले. पंखाच्या वर माझे पाय, ग्रीस लागलेला डांगरी सूट, तोंडाला फडकं. काकांनी त्यांना ओळखलं; बाजारात दोघांची भेट असायची. खाट पुढे केली, चहा मागवला.

"भाऊ, तुन्ही पोर काय करस म्हने?" काकांनी विचारलं.

"साहेब शे," अप्पा म्हणाले, आणि डबा मांडीवर घेऊन बसले.

मी वरून ऐकलं. बोलायला सवडही नव्हती, पुसून घेतलेला पत्रा ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावा लागतो.

लेप लावायच्या सकाळी काकांनी आमच्या विनंतीवरून पथारी बंद ठेवली. बायका शेडपासून लांब, पलीकडच्या टोकाला देठ खुडत बसल्या, म्हणजे धुरळा उडणार नाही. दादांनी दोन डब्यांतला माल मोजून एकत्र कालवला; कालवल्यावर तो घट्ट व्हायच्या आत लावून संपवायचा असतो. मी आधी ब्रशने पातळ हात दिला, मग कडांना बोटाएवढा जाड थर. त्याच कालवणातला एक ठिपका पत्र्याच्या तुकड्यावर घेऊन बाजूला ठेवला. आत हात घालून बघता येत नाही की लेप वाळला का, म्हणून हा ठिपका. तो नखाने दाबून बघायचा.

त्या दिवसांत थंडी कडक होती. थंडीत हा लेप अंग चोरतो, घट्ट व्हायला वेळ लावतो. गरम हवा सोडायची म्हटली तर पेट्रोलच्या टाकीपाशी तापलेली कुठलीच वस्तू नको. मग वाट बघणं आलं. मी रोज घरून ये-जा करायचे. कॉलेजला गेल्यापासून एवढे दिवस सलग मी घरी राहिलेच नव्हते. आई माझे कपडे इतरांच्या कपड्यांपासून वेगळे, बाहेरच्या दगडावर धुवायची आणि म्हणायची, "कसला वास आहे गं हा, ना रॉकेल ना औषध." अप्पा जेवताना पपईच्या भावाबद्दल बोलायचे. विमानाबद्दल एक शब्द नाही. पण सकाळी मी निघाले की त्यांचंही नंदुरबारला काहीतरी काम निघायचं.

ठिपका घट्ट झाला. आम्ही झाकणं बसवली, थोडं पेट्रोल भरलं, पंखाखाली पांढरा कागद पसरला आणि रात्रभर तसंच ठेवलं.

सकाळी कागदावर निळा डाग होता. रिव्हेटांच्या त्याच ओळीखाली, आणि बघता बघता आणखी एक थेंब पडला.

दादा खाली बसून तो कागद बघत राहिले. हवालदार आले, काका आले, अप्पा आले. मुकादम बाईही कमरेवर टोपली घेऊन येऊन बघून गेल्या. माझं काम चुकलं होतं. माझ्या मुलखातल्या लोकांसमोर, माझ्या बापासमोर. हँगरमध्ये असं झालं असतं तर मी एक शिवी घालून चहा प्यायला गेले असते.

"साहेब," काका म्हणाले, आणि या वेळी त्यांनी तो शब्द जरा लांबवला, "आजून गळी ऱ्हायनं ना."

"हो काका. गळतंय."

तेवढ्यात ऑफिसातून व्यवस्थापकांचा फोन. त्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "थेंबच आहे ना? इथपर्यंत उडायला किती वेळ लागतो? उजव्या पंखात भरपूर भरा, डाव्यात थोडं. इथे आणा, मग इथे निवांत करू." मी शेडच्या बाहेर जाऊन बोलत होते, पण पथारी मोकळी जागा, सगळ्यांना ऐकू जात होतं. मी म्हटलं, "सर, डाग असता तर वेगळं. थेंब पडतोय. मी सही करणार नाही." ते थोडे चिडले, मग म्हणाले की दिवस वाढतायत. मी हो म्हटलं. वाढतच होते.

फोन ठेवून मी काकांकडे गेले. पुन्हा एकदा पथारी थांबवायला सांगणं मला जड जात होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा ट्रक यायचा होता, माल भरायचा, आणि पोती भरताना उडतो तेवढा धुरळा दुसऱ्या कशानेच उडत नाही.

"काका, परत उघडावं लागेल. अजून एक दिवस द्या."

काका माझ्याशी नाही, अप्पांशी बोलले. "भाऊ, आम्हना ट्रॅक्टर जलमभर गळतस, तरी चालतस. तुन्हा साहेबले सांग ना, इतलासा थेंबनी काय व्हस?"

अप्पा खाटेवर बसले होते. डबा शेजारी, अजून उघडलेला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"ती साहेब नही शे," ते म्हणाले. "मिस्तरी शे. साहेब ऱ्हाती ते सही करीसन निंघी जाती. मिस्तरी शे म्हनीसन थांबनी."

साहेब असती तर सही करून निघून गेली असती. हे ते एखाद्या पिकाबद्दल सांगावं तितक्या साध्या आवाजात बोलले होते. मला तोंडावरचं फडकं नीट करायचं निमित्त मिळालं, ते मी बराच वेळ नीट करत राहिले.

मार्ग निघाला तो मुकादम बाईंमुळे. त्या म्हणाल्या, आख्खा दिवस नको, सकाळ देऊ. ट्रक दुपारी लावा, आम्ही अंधार पडेस्तोवर पोती भरून देऊ. काकांनी ट्रकवाल्याला फोन केला, त्याच्याशी दहा वाक्यं भांडले आणि ट्रक दुपारवर नेला. मग मला बोट दाखवून म्हणाले, "पन जातांना हाई माटी खरडीसन लई जायजो. पेट्रोलनी माटी मन्हा पथारीवर नको." ते मी कबूल केलं.

पेट्रोल बाहेर पडतं ती जागा आणि ते आत शिरतं ती जागा एकच असेल असं नाही. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बुडबुडे इतके नेमके दिसले होते की आम्ही पुढे शोधलं नाही. आता उलटं केलं. टाकी परत रिकामी आणि हवेशीर झाल्यावर दादांनी बाहेरून, त्या रिव्हेटांवर रबरी वाटी दाबून धरली आणि नळीतून हलकी हवा सोडली. मी आतल्या सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावत गेले आणि आरशात बघत राहिले. रिव्हेटांपाशी काहीच नाही. आमचा नवा लेप छान धरून होता. मी आरसा पुढे सरकवला. वीतभर पुढे, दोन पत्रे कोपऱ्यात मिळतात तिथे, जुन्या लेपाच्या कडेखालून एक बारीक बुडबुडा फुगला, फुटला आणि परत फुगला.

"दादा, थांबवा."

बुडबुडा थांबला.

"सोडा."

परत आला.

"सापडलं का?" दादांनी खालून विचारलं.

"सापडलं. कोपऱ्यात आहे."

"तुझा हात पोचतो?"

पोचत होता, कोपर पत्र्यावर पूर्ण दाबलं तर. पेट्रोल त्या कोपऱ्यातून शिरायचं, दोन पत्र्यांच्या मधून वीतभर सरकायचं आणि रिव्हेटांच्या ओळीतून बाहेर यायचं. जुना लेप खरवडताना तो कोपऱ्यातून अखंड पट्टीसारखा सुटून हातात आला, इतका तो पत्र्यापासून वेगळा झालेला होता. मी तो खाली दादांना दिला. दादांनी काकांना दाखवला. काकांनी हातात घेऊन ताणून बघितला आणि म्हणाले, "हाई? इतलंसं?"

नवा लेप लागला. कोपराच्या आतल्या बाजूला झाकणाच्या कडेचा लाल वळ उठला होता, तो पुढे बरेच दिवस राहिला. या वेळी दादांनी एक गोष्ट सुचवली, शेडमध्ये न ठेवता विमान रोज सकाळी उन्हात घ्यायचं, म्हणजे पंखाचा पत्रा आपोआप कोमट राहील. ट्रॅक्टर दर वेळी मिळेना, तेव्हा हाताने ढकलायचं ठरलं. विमान दिसतं त्यापेक्षा हलकं असतं, पण कुठेही हात लावून चालत नाही. मुकादम बाई आणि त्यांच्या चार बायका आल्या. मी ओरडत होते, "तिथे नाही, शेपटाला नाही, या दांड्याला धरा." अप्पांनी धोतर खोचून पंखाच्या आधाराच्या दांड्याला खांदा लावला. विमान हललं तशी एक बाई दचकून मागे सरली, आणि बाकीच्या हसत सुटल्या. मग ते रोजचंच झालं. सकाळी बाहेर, संध्याकाळी आत. एकदा ढकलून झाल्यावर मुकादम बाईंनी पंखाखाली बसून भाकरी सोडली आणि म्हणाल्या, सावली चांगली आहे याची.

ठिपका घट्ट झाला तरी आम्ही आणखी थोडं थांबलो. मग पेट्रोल भरलं आणि कागद पसरला. सकाळी कागद पांढरा होता. त्या दिवशी पूर्ण टाकी भरली. दुसऱ्या सकाळीही पांढरा. दादांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली, कशाला ते मी विचारलं नाही. मी पंखाखालून बोट फिरवलं, कोरडं. सही केली.

सर आले, रस्त्याच्या दोन्ही टोकांना पोलीस उभे राहिले आणि विमान गेलं. पथारीवरचं काम तेवढ्यापुरतं थांबलं होतं. विमान उठलं तशी वाऱ्याने कडेची थोडी मिरची उडाली आणि काकांनी वर बघायच्या ऐवजी मिरचीकडे बघितलं. मी मात्र विमान दिसेनासं होईपर्यंत डाव्या पंखाकडेच बघत होते, इतक्या लांबून काय दिसणार होतं कोण जाणे. नंतर सरांचा फोन आला, उतरलो, कोरडं आहे.

माती खरडायचं राहिलं होतं. शेडमध्ये जिथे जिथे थेंब पडले होते तिथली माती दादा आणि मी फावड्याने काढायला लागलो. अप्पांनी माझ्या हातातलं फावडं घेतलं. "तुला जमत नाही ते," घरातल्या आवाजात म्हणाले. खरंच जमत नव्हतं. त्यांनी सपाट, पातळ थर काढून दोन पोती भरली. काकांनी खाली वाकून उरलेल्या मातीचा वास घेतला, मग आणखी एका जागेकडे बोट केलं, तिथलीही काढली.

निघताना काकांनी आम्हाला एक मोठी पिशवी भरून मिरची दिली. दादांनी ती व्हॅनमध्ये मागे हत्यारांशेजारी ठेवली आणि पुढच्या वळणावरच आम्हाला थांबून ती नीट बांधावी लागली. अप्पा मोटारसायकलवर आमच्या पुढे होते. आम्ही थांबलेले पाहून ते मागे आले.

"काय झालं?"

"मिरची," मी म्हटलं, आणि शिंकले.

त्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. मग दादांना म्हणाले, घर वाटेतच आहे, जेवून जा, हिच्या आईने सकाळपासून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टाकल्यात.